घर बंद

बेल वाजली तेव्हा मी नळाखाली फडकं पिळत होते. रजेच्या दिवशी बेल वाजवणाऱ्या माणसाबद्दल जे जे मनात येतं ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं, आणि हात न पुसताच मी दारातल्या भिंगाला डोळा लावला. बाहेर आमच्या खात्यातले डॉक्टर उभे होते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे, दातांचे डॉक्टर. भिंगातून त्यांचं नाक फुगलेलं आणि चेहरा होता त्याहून भला दिसत होता. त्यांच्यामागे छातीशी लिहायची पाटी धरून रेडिओ. रेडिओ म्हणजे आमचा नोंदणी कारकून. सकाळी सुरू होतो तो खात्याला कुलूप लागल्यावरच थांबतो, म्हणून रेडिओ. मला वाटलं, मी रजा टाकली म्हणून दोघं विचारपूस करायला आले. क्षणभर इतकं बरं वाटलं की मी कडीकडे हातसुद्धा नेला. मग डॉक्टरांच्या गळ्यात लोंबणारा कपाळाला बांधायचा दिवा दिसला, हातातली छोट्या आरशांची डबी दिसली, आणि मी हात मागे घेतला. ते मला भेटायला आले नव्हते. मी इथे राहते हे त्यांच्या गावीही नव्हतं. दारावर घरमालकाची पाटी आहे आणि आम्हाला इथे येऊन वर्षही झालेलं नाही. ते आले होते एका घर क्रमांकाकडे, आणि तो क्रमांक मीच काढला होता.

शहरातल्या प्रौढ माणसांच्या तोंडात किती कीड आहे याची पाहणी आमचं खातं करतं. डॉक्टर तोंडं बघतात, रेडिओ लिहितो आणि मी आकडेमोड करते. मी संख्याशास्त्राची. कुठली घरं तपासायची हे मी संगणकाकडून काढून घेते. नुसते क्रमांक असतात, त्यांत आमचाही आलाय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यात कुणाचं नाव नाही, ओळखपाळख नाही, मर्जी नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. बैठकीत मी एकदा म्हणालेही होते, "यात आपलं घरसुद्धा येऊ शकतं, इतकं हे निःपक्षपाती आहे." सगळे हसले होते. मी ओठ मिटून, नाकाने हसले होते. बेल पुन्हा वाजली. माझ्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकून पायाशी थारोळं झालं होतं. "आत कुणीतरी आहे हो डॉक्टर," रेडिओ म्हणाला. "आत्ता नळ चालू होता. आपण बेल मारली आणि बंद झाला." "असू दे," डॉक्टर म्हणाले. "अहो पण—" "असू दे म्हटलं ना. चिठ्ठी सरकव." दाराखालून चिठ्ठी आली आणि माझ्या अंगठ्याला लागून थांबली. ती न वाचताही मला पाठ होती, कारण तिचा मजकूर माझाच. आम्ही आपल्या घरी येऊन गेलो. तपासणीला थोडाच वेळ लागतो. वेदना होत नाहीत. संकोच बाळगू नये. हे शेवटचं वाक्य मूळ मसुद्यात नव्हतं. ते मी आग्रहाने घालून घेतलं होतं. पावलं जिना उतरून गेली तरी मी तिथेच होते. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण गं?" मी म्हणाले, "कुणी नाही, आई. पत्ता चुकले होते." आणि हे बोलतानासुद्धा, घरात, पाठमोऱ्या म्हातारीशी, माझा डावा हात आपोआप तोंडावर आलेला होता.

हा हात कधीपासून येतो ते मला नक्की माहीत आहे. कॉलेजात असताना दाढ दुखायला लागली म्हणून आई मला शिकाऊ दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या खुर्चीत मी आडवी झाले, तोंड उघडलं, आणि शिकवणाऱ्या डॉक्टरांनी आत डोकावून मोठ्याने हाक मारली, "अरे, इकडे या सगळे. असं तोंड पुस्तकात मिळायचं नाही." ते माझ्याशी वाईट वागले असं मी म्हणणार नाही. त्यांना खरोखर आनंद झाला होता, चांगलं उदाहरण सापडलं की मास्तरांना होतो तसा. पांढऱ्या कोटातली माझ्याच वयाची पोरं खुर्चीभोवती जमली. एकेकाने वाकून पाहिलं. एकाची बोटं थंडगार होती, तो माझा गाल बाजूला ओढून दुसऱ्याला म्हणाला, "हिने काय ब्रश बघितलेलाच नाही की काय?" दुसरी एक मुलगी त्याला हळूच "शूऽ" म्हणाली. तिचा मला आजही त्याच्याहून जास्त राग येतो. मी आडवी होते म्हणून पाणी डोळ्यांतून थेट कानांत गेलं आणि पुढचं काही नीट ऐकू आलं नाही. बाहेर बाकावर आई बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "काही नाही, बरं होईल." नंतर मी कुठल्याही दातांच्या डॉक्टरकडे गेले नाही. तेव्हा वाचू शकले असते ते दात पुढे एकेक करून गेले. काहींचे खुंट राहिले, पुढच्या एकाची कड काळी पडून तुटली. मी दात घासते ते दिवा न लावता. नवरा रेल्वेत गार्ड आहे, दिवसाआड घरी येतो. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्याने माझं तोंड आतून पाहिलेलं नाही. एकदा तो सहज म्हणाला होता, "तू झोपतेससुद्धा तोंड गच्च मिटून. कुणी चोरून नेणार आहे का आतलं काही?" मी कूस बदलली. अशा बाईने नोकरी धरावी ती दातांच्या खात्यात, याला काय म्हणायचं ते म्हणा. आधी मी रस्त्यांवरच्या गाड्या मोजायच्या खात्यात होते, तिथून बदली झाली. पहिले काही दिवस मला वाटायचं, हे सगळे दातांचेच डॉक्टर, यांची नजर पहिल्यांदा तोंडाकडेच जाणार. मग मी शिकले. बोलताना हातात फाईल ठेवायची. फोटोत मागच्या रांगेत उभं राहायचं. ओठ फारसे न हलवता बोलायचं. खात्यात माझं नाव पडलं 'गंभीरबाई', आणि मला ते आवडलं. गंभीर असण्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी खात्यात रेडिओने आमच्या दाराची गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. "नळ चालू. बेल मारली, नळ बंद. भिंगात डोळा दिसला हो मला, काळाभोर! दाराच्या त्या बाजूला कुणीतरी आपल्यासारखंच श्वास धरून उभं." सगळे हसले. मी फाईल वर धरली. "मग काय लिहिलंत?" मी विचारलं. "घर बंद," रेडिओ म्हणाला, आणि डॉक्टर आपल्या चष्म्याची काडी पुसत राहिले. आमच्याकडे दोन वेगळ्या नोंदी आहेत. माणूस दारात येऊन नको म्हणाला तर 'नकार', आणि कुणी भेटलंच नाही तर 'घर बंद'. नकाराच्या घरी वरून समजुतीचं पत्र जातं, मग फोन जातो, मग एक गोड बोलणारी बाई जाते. बंद घराच्या मागे कुणी लागत नाही, फक्त तीन फेऱ्या व्हाव्या लागतात, निरनिराळ्या वेळी, आणि त्यांतली एक सुट्टीच्या दिवशी. तीन फेऱ्यांचा नियमही माझाच. पूर्वी एकाच फेरीवर भागवायचे, मी भांडून तीन करून घेतल्या होत्या. रेडिओ म्हणाला, "बाई, त्या नळवाल्या घराला आणखी दोन चकरा आहेत म्हणजे. तुमच्या कृपेने." मी म्हणाले, "नियम म्हणजे नियम." माझ्याच घशातून हे वाक्य इतक्या सफाईने निघालं की मला माझी शिसारी आली. दुपारी मी फेऱ्यांचं वेळापत्रक उघडलं. ते मलाच बघता येतं, त्यामुळे चोरी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. आमच्या इमारतीची दुसरी फेरी कुठल्या संध्याकाळी आहे ते पाहून ठेवलं.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना घेऊन घराबाहेर पडले. त्यांची कवळी टोचत होती, ते एक बरं निमित्त मिळालं. सासूबाईंचे सगळे दात गेलेत. घरात त्या कवळी काढून वाटीत ठेवतात आणि बोळक्या तोंडाने खदाखदा हसतात. बाहेर जाताना चपला घालाव्यात तशी कवळी घालतात. आमच्या इमारतीच्या मागे उतारावर रंगाच्या जुन्या कारखान्याची वस्ती आहे, तिच्या तोंडाशी संध्याकाळचा दातांचा दवाखाना आहे. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी तो उघडला होता. एक खोली, एक खुर्ची, एक डॉक्टरीणबाई, बाहेर लांब बाक. सासूबाईंना तिथे सगळे ओळखतात. बाकावर बसल्याबरोबर त्यांनी शेजारच्या बाईला आपली कवळी काढून दाखवली. "बघा, इथे लागतं." ती बाई पदराने गाल धरून बसली होती, सुजलेला गाल, तरी हसली. सासूबाई म्हणाल्या, "काढून टाका सगळे. मी सुटले बघा. दात होते तोवर जिवाला घोर होता." मी भिंतीवरचा कागद वाचत होते. हा दवाखाना राहणार की मोठ्या इस्पितळात हलवणार ते यंदाच्या पाहणीवर ठरणार, असं त्यावर लिहिलं होतं. ते मला ठाऊकच होतं. या वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त प्रौढांच्या तोंडात उपचार न झालेली कीड निघाली तर दवाखाना राहील, नाहीतर खुर्ची आणि डॉक्टरीणबाई पुलापलीकडच्या इस्पितळात जातील. तिथे पोचायला दोन बस लागतात आणि ते संध्याकाळी बंद असतं. आतून डॉक्टरीणबाई कवळी घासून घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमचं पण बघू का? आत्ता गर्दी नाहीये." "नाही, नाही. मी नुसती सोबत आलेय." मी हे इतक्या जोरात म्हणाले की गाल धरून बसलेल्या बाईने मान वर करून पाहिलं. तिला कळलं असणार. मी दुसरीकडे पाहिलं. आम्ही परत आलो तेव्हा दाराखाली दुसरी चिठ्ठी होती, संकोच बाळगू नये.

तिसरी फेरी रविवारी सकाळी होती आणि त्या दिवशी बाहेर पडायला माझ्याकडे निमित्त नव्हतं. सासूबाईंचे पाय सुजले होते. मी ठरवलं की बेल वाजली तरी उघडायचं नाही आणि त्यांना सांगायचं की विमेवाले आहेत. पण बेल वाजली तेव्हा मी न्हाणीघरात होते, आणि बाहेरून कडीचा आवाज आला. सासूबाई सुजल्या पायांनी उठून गेल्या होत्या. न्हाणीघराच्या दाराला आतून पाठ लावून मी ऐकत राहिले. वय वर्षं एक्केचाळीस, पदवीधर, सरकारी नोकरी, आणि बादलीशेजारी ओल्या फरशीवर अनवाणी उभी. "या की, या ना आत," सासूबाई म्हणत होत्या. "दात बघणार? बघा, बघा. थांबा, कवळी काढते." "आजी, तुमचं वय यात बसत नाही हो," रेडिओ म्हणाला. "पस्तीस ते चव्वेचाळीस हवंय." "का? म्हाताऱ्यांना तोंडं नसतात?" "तसं नाही, आजी—" "माझी पाहणी कुणी केलीच नाही कधी. हे बघा, वरचं खालचं सगळं साफ. लिहून घ्या, एक नाही." डॉक्टर हसल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "घरात त्या वयाचं कुणी आहे का?" "सून आहे ना. इथेच आहे. अगं ए, बाहेर ये की. दातांचे डॉक्टर आलेत."

मी कडी काढली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बाहेर आले तेव्हा रेडिओचं तोंड उघडं पडलं, आणि मला आठवतंय की त्या वेळीसुद्धा मी त्याचे दात पाहिले, पांढरेशुभ्र, एकात एक बसलेले. "बाई? तुम्ही?" मी म्हणाले, "हो. आम्ही इथेच राहतो." "म्हणजे तो डोळा—" तो म्हणाला आणि थांबला. रेडिओला थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. माझ्या पायाखाली नुसती फरशी होती आणि तिच्यावर माझ्या ओल्या पावलांचे ठसे उमटलेले होते, न्हाणीघरापासून इथपर्यंत. डॉक्टर खुर्चीवरून उठले. त्यांनी गळ्यातला दिवा काढून पिशवीत ठेवला, अगदी सावकाश, जणू काम संपलंच होतं. "रेडिओ, लिही. घर बंद." "डॉक्टर," मी म्हटलं. "राहू द्या, बाई. काही बिघडत नाही." "पण मी समोर उभी आहे." "रोजचंच आहे हे," ते हळू आवाजात म्हणाले. "माणसं लाजतात. दार किलकिलं करतात, तोंडावर हात धरतात, आज नको म्हणतात. आपल्याला कळतंच ना. नकार लिहिला की त्यांच्या मागे पत्रं, फोन, तुमची ती गोड बाई. कशाला गरिबांचा पिच्छा? म्हणून आम्ही घर बंद लिहितो." मी विचारलं, "किती घरांना लिहिलंत असं?" त्यांनी खांदे उडवले. "वस्तीतली बहुतेक." आणि मग, मला दिलासा द्यावा म्हणून, इतक्या चांगल्या मनाने की ते मी आयुष्यभर विसरणार नाही, ते म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दोन वर्षं शेजारी बसतोय तुमच्या. वरचा पुढचा डावा, तुटलेली कड. मला दिसत नाही होय? आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी कधी काही म्हणालं का?"

कुणी कधी काही म्हणालं नव्हतं. ते गेल्यावर मी खुर्चीवर बसले आणि दोन वर्षं पुन्हा एकदा माझ्यासमोरून गेली. वर धरलेली प्रत्येक फाईल, नाकाने हसलेलं प्रत्येक हसू, फोटोतली मागची रांग, आणि ते सगळं पाहून न पाहिल्यासारखं करणारी भली माणसं. गंभीरबाई हे नाव त्यांनी मला मायेने दिलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ते हेच असावं. सासूबाई समोर येऊन बसल्या. कवळी अजून त्यांच्या मुठीतच होती. "लाजलीस होय?" त्या म्हणाल्या. "म्हणून तुझा हात असा वर जातो?" त्यांनी माझी नक्कल केली. "अगं, मला इतकी वर्षं वाटायचं, मी काही बोलले की तू तोंडावर हात धरून मला हसतेस." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. इतकी वर्षं एका घरात राहून त्या हे मनात धरून होत्या, आणि त्यांनीही कधी काही म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. रडतानाही ओठ मिटूनच रडले, दुसरं येतच नव्हतं. सासूबाई उठल्या, माझ्या पावलांनी ओली झालेली फरशी पुसायला त्यांनी फडकं आणलं, आणि पाय सुजलेत हे आठवून ते माझ्याच हातात दिलं.

त्या आठवड्यात वॉर्डाची आकडेमोड करायची होती. ज्या घरांची तोंडं बघता आली नाहीत त्यांची जागा रिकामी ठेवून चालत नाही. ती भरावी लागते. त्याला आमच्या खात्यात उसनवारी म्हणतात. रिकाम्या जागेवरच्या माणसासारखं दुसरं माणूस संगणक शोधतो, त्याच वॉर्डातलं, त्याच वयोगटातलं, तसल्याच घरातलं, आणि त्याचं तोंड इथे उतरवून घेतो. एकाच माणसावर विसंबायला नको म्हणून हे पाच वेळा करतात, पाच निरनिराळ्या माणसांकडून, आणि मग सगळ्यांचा मेळ घालतात. पद्धत चांगली आहे. मी ती शिकवते. ती एका गोष्टीवर उभी आहे, की जो भेटला नाही तो भेटलेल्यासारखाच असतो, फक्त त्या वेळी कामावर गेलेला, नाहीतर भाजी आणायला. नकारवाल्यांना म्हणूनच वेगळं काढतात. बंद घरांवर कुणाचा संशय नसतो. मी माझ्या घराचा क्रमांक शोधला आणि संगणकाने मला काय दिलंय ते पाहिलं. पहिल्या वेळी त्याने मला कुणा बाईचं तोंड दिलं होतं, एक दात भरलेला, बाकी ठणठणीत. दुसऱ्या वेळी एकही भरलेला नाही, सगळे शाबूत. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या अशाच. मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले. त्या पहिलीचे दात लावून मी मनातल्या मनात हसून पाहिलं, चांगलं मोठ्याने, मान मागे टाकून, बसस्टॉपवर कॉलेजातल्या पोरी हसतात तसं. मग जीभ आपल्या जागेवर गेली, तुटक्या कडेवर. पाचांतल्या एकीचंही तोंड माझ्यासारखं नव्हतं, आणि असणारही नव्हतं, कारण माझ्यासारख्या तोंडाची बाई दार उघडत नाही. वस्तीतल्या प्रत्येक बंद घरात मी अशीच कुणा हसणाऱ्या माणसाचे दात बसवले होते. गाल धरून बसलेल्या त्या बाईचं घर यादीत असेल तर तिलाही. डॉक्टरांनी त्यांची लाज राखली आणि मी त्यांची कीड पुसून टाकली, दोघांनी मिळून, एकमेकांना न सांगता. वॉर्डाचा आकडा निम्म्याच्या जरासा खाली आला.

बैठकीत मी तो वाचून दाखवला. साहेब, म्हणजे आमचे खातेप्रमुख, स्वतः दातांचेच डॉक्टर, वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे दवाखाना हलवायला हरकत नाही. मोठ्या इस्पितळात यंत्रं तरी चांगली आहेत." खात्यातल्या बाकीच्या डॉक्टरांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, "साहेब, हा आकडा बरोबर नाही." "तुम्हीच काढलात ना?" "मीच काढला. बंद घरं ही बाहेर गेलेल्या माणसांची आहेत असं धरून काढला. ती तशी नाहीत. दारामागे माणसं होती. ज्यांना तोंड दाखवायची लाज वाटते तीच होती." "कशावरून?" मी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. त्यांचं नाव घेतलं असतं तर खोट्या नोंदी केल्या म्हणून त्यांची नोकरी गेली असती. रेडिओ पाटीवर पेनाने बारीक रेघा ओढत होता. "अंदाज आहे," मी म्हणाले. साहेब समजुतीने हसले. "बाई, अंदाजावर दवाखाना कसा चालवायचा? वरचे लोक मला विचारतील. पुन्हा फेऱ्या काढायच्या तर त्यालाही कारण लागतं. मला एक, फक्त एक बंद घर दाखवा, ज्याच्या आतलं तोंड आपल्यापैकी कुणी पाहिलंय."

एका तोंडावरून काहीही सिद्ध होत नाही. हे दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मीच त्याला तासभर समजावलं असतं. पण त्यांनी एकच मागितलं होतं. माझ्या हातात फाईल होती, ती मी टेबलावर ठेवली. उठून खिडकीशी गेले, कारण उजेड तिकडून येत होता, आणि सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले. डावा हात वर यायला लागला तेव्हा तो उजव्या हाताने धरून ठेवला. मग तोंड उघडलं. ओठ एकमेकांना चिकटले होते, ते सुटताना आवाज झाला. जबडा कडकडला. इतकं मोठं मी ते त्या खुर्चीनंतर कधी उघडलंच नव्हतं, आणि खोलीतली गार हवा खुंटांना लागून कळ डोक्यात गेली. कुणी म्हणालं नाही, इकडे या सगळे. सगळे होते तिथेच बसून राहिले. मला छत दिसत होतं आणि पंख्याच्या दांडीवरची धूळ. कान तापले होते, मानेवरून घाम उतरत होता, आणि मला इतकी लाज वाटत होती की ती कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. साहेब सवयीने पुढे झुकले, मग भानावर येऊन मागे झाले. "हे कुठल्या घराचं म्हणायचं?" त्यांनी विचारलं. उघड्या तोंडाने मला उत्तर देता येईना. "यादीतलंच आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांची खुर्ची सरकली. "घर बंद मी लिहिलं. हे, आणि वस्तीतली बाकीची." पिशवीची चेन उघडल्याचं ऐकू आलं, मग माझ्या तोंडावर दिव्याचा पिवळा उजेड पडला. त्यांची बोटं थंड नव्हती. "रेडिओ, नवीन पान घे. वर, उजवीकडून. पहिली दाढ नाही. दुसरी, खुंट. पुढची, कीड." रेडिओ लिहीत होता आणि प्रत्येक शब्द लिहून झाल्यावर एकदा "हं" म्हणत होता. डॉक्टर पुढच्या दातांपर्यंत आले, तुटलेल्या कडेपाशी थांबले, तीही त्यांनी नेहमीच्याच आवाजात सांगितली आणि डावीकडच्या शेवटच्या दाढेपर्यंत गेले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते गालांवरून गळ्यात गेलं, पुसायला हात मोकळा नव्हता. साहेबांना ते बघवेना. "बास, बास," ते म्हणाले. "कळलं मला. पुन्हा फेऱ्या काढू आपण. मिटा बाई आता."

मलाही मिटायचंच होतं. पण वरचीच ओळ झाली होती, खालची अजून राहिली होती.